अपघात का झाला, आणि जीव का गेला?

चालकाचं वाहनावरचं नियंत्रण सुटल्याने अपघात झाला, अशी बातमी आपण आठवड्यातून चार वेळा तरी वाचतो आणि पान उलटतो. दोषी सापडलेला असतो, विषय संपतो. पण प्रत्येक अपघाताला दोन प्रश्न विचारायला हवेत. अपघात का झाला, हा पहिला. झालेल्या अपघातात जीव का गेला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा माणसाच्या चुकीपाशी येऊन थांबतं. दुसऱ्याचं उत्तर सीटबेल्टमध्ये, टायरमध्ये, पुलाच्या कठड्यात, खचलेल्या साइडपट्टीत, रुग्णवाहिकेला लागलेल्या वेळात विखुरलेलं असतं. यातलं बरंचसं आधीच बदलता येण्याजोगं असतं.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. वेळ दुपारची होती, गाडी महागडी आणि एअरबॅग असलेली होती. गाडीत चौघं होते. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. ते दोघेही गेले. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. तीन पदरी रस्ता त्या पुलावर दोन पदरी होत होता आणि पुलाचा कठडा वाटेत आलेला होता, हे नंतरच्या पाहणीत नोंदलं गेलं. गाडीचा वेगही जास्त होता. म्हणजे चालक, रस्ता आणि वाहन या तिन्ही बाजू एकाच ठिकाणी उघड्या पडल्या.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये आपलं रस्ता-सुरक्षेचं धोरण याच दुसऱ्या प्रश्नावर उभं केलं. माणूस चुकणारच, हे त्यांनी मान्य केलं आणि त्या चुकीपायी जीव जाऊ नये याची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यांवर आणि गाड्या बनवणाऱ्यांवरही टाकली. समोरासमोर धडका होत त्या रस्त्यांच्या मधोमध त्यांनी पोलादी दोरांचे कठडे उभारले आणि तिथले मृत्यू झपाट्याने कमी झाले. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातली होती. धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तुमच्या-माझ्या हातात काय आहे, ते पाहू.

वेगाचा हिशोब

तुम्ही ताशी ८० किलोमीटर वेगाने चालला आहात आणि पुढे ट्रक उभा दिसतो. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे सरकलेली असते. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि ब्रेक पूर्ण दाबलेला असेल तर आणखी ३५ मीटरवर ती थांबते. एकूण अंतर झालं ६९ मीटरच्या आसपास. आता तीच गाडी १०० ने येत होती असं धरा. पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ४२ मीटर गेले. उरलेल्या २७ मीटरांत ती थांबत नाही. ज्या जागी ८० वाली गाडी ट्रकला टेकण्याआधी उभी राहिली, त्याच जागी १०० वाली गाडी ताशी ७० च्या वेगाने ट्रकवर आदळते. काट्यावर फरक वीसचा होता. धडकेत तो शून्य आणि सत्तर एवढा झाला.

इथे पंचतारांकित गाडीचाही भ्रम दूर करून घ्यावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे ‘भारत एनकॅप’ ही तारे देणारी चाचणी सुरू झाली आहे. चांगली सोय आहे, गाडी घेताना जरूर बघा. पण तिच्यात गाडी समोरून आदळवतात ती ताशी ६४ किलोमीटर वेगाने. त्यापुढच्या वेगाची हमी ते तारे देत नाहीत. शिवाय चाचणीतला अडथळा गाडीच्या नाकाला नीट भिडतो. उभ्या ट्रकची मागची बाजू उंच असते. बॉनेट खाली घुसतं आणि पहिला आघात काचेवर, म्हणजे तुमच्या चेहऱ्यासमोर होतो.

या धोक्याच्या बदल्यात मिळतं काय? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४ किलोमीटरचा आहे. सगळा मार्ग १०० ऐवजी १२० ने कापला, आणि तसं घाटामुळे आणि गर्दीमुळे होतच नाही, तरी दहा मिनिटंही वाचत नाहीत. तेवढी मिनिटं फूड मॉलवर वडापावच्या रांगेत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

अंतर राखण्यासाठी मीटर मोजत बसायची गरज नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा. हे म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात हा आकडा दुप्पट करा. मध्ये जागा सोडली की कुणीतरी घुसतो, ही तक्रार खरी आहे. घुसू द्या आणि पुन्हा तीन मोजा. तासाभरात दहा जण घुसले तरी तुम्ही अर्ध्या-पाऊण मिनिटाने मागे पडता.

समृद्धी महामार्गाची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे वळणं कमी, वस्ती नाही, काही घडत नाही. ७०१ किलोमीटरच्या त्या सरळ रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि मेंदू झोपतो. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, गाल थोपटणं हे उपाय दोन-चार मिनिटं टिकतात. झोपेवर उपाय झोपच. टोलनाक्याजवळ किंवा विश्रांतीच्या जागी गाडी लावा, हवा तर चहा-कॉफी घ्या, वीस मिनिटं डोळे मिटा. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतरचे दोन-तीन तास सर्वांत वाईट. लग्नाहून रात्रीच परतायचा आग्रह घरातली वडीलधारी माणसं मोडू शकतात. त्यांनी तो मोडावा.

आणि बसने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बस दरवाजाच्या अंगावरच पडल्याने बाहेर पडायची नेहमीची वाट बंद झाली होती. ट्रॅव्हल्समध्ये चढलात की मोबाईल चार्जिंगची जागा शोधण्याआधी संकटकाळी उघडायचं दार आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बघा. हातोडी नसेल तर कंडक्टरला मोठ्याने विचारा, चार लोकांना ऐकू जाईल असं.

फोनबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आहे, म्हणून एकच आकडा: ८० च्या वेगात तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर गाडी ६६ मीटर आंधळी धावते.

गाडीत आधीच बसवलेली सुरक्षा

नव्या तंत्रज्ञानाची चर्चा करण्याआधी मागच्या सीटवर हात फिरवा. बहुतेक घरच्या गाड्यांत मागच्या पट्ट्यांचे खटके सीट कव्हरखाली गाडलेले असतात. कव्हर घालणाऱ्याने ते वर काढले नाहीत आणि आपण विचारलं नाही. मागे बसलेल्याने पट्टा लावला नाही तर धडकेत तो गोफणीतल्या दगडासारखा पुढच्या सीटवर जातो आणि पट्टा लावून बसलेल्या माणसालाही घेऊन जातो. मागच्या प्रवाशाला पट्टा न लावल्याबद्दल हजार रुपये दंड आहे. पण दंडाची भीती घालण्यापेक्षा घरात एक रीत पाडा: सगळ्यांचे खटके वाजल्याशिवाय गाडी सुरू होत नाही.

तेच कव्हर निवडतानाही लक्ष द्या. ज्या गाड्यांत सीटच्या कडेला एअरबॅग असते, तिथे साधं आवळलेलं कव्हर ती उघडू देत नाही. समोर लावलेला लोखंडी बुलबार बेकायदा तर आहेच, पण धडकेचा जोर शोषणाऱ्या भागाला आणि एअरबॅगच्या सेन्सरला तो चकवू शकतो. आणि पट्ट्याचा ‘टिंग टिंग’ आवाज बंद करायची क्लिप? तिची ऑनलाइन विक्री थांबवायचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ मध्ये काढावे लागले. अशी क्लिप विकत घेणाऱ्या माणसाच्या बुद्धीचं मला कुतूहल वाटतं, कारण तेवढ्याच कष्टात पट्टा लावून होतो.

एअरबॅग ही पट्ट्याची जोडीदार आहे, बदली नव्हे. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. पट्टा नसलेला माणूस त्या क्षणी पुढे झेपावत असतो आणि फुगणारी पिशवी त्यालाच मारते. स्टिअरिंग आणि छाती यांत वीतभराहून थोडं जास्त अंतर ठेवा. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं हा सर्वांत वाईट प्रकार आहे. धडकेत त्याचं वजन कित्येक पटींनी वाढतं आणि कुठल्याही आईचे हात ते धरून ठेवू शकत नाहीत. बाळाची सीट मागेच हवी. पाठमोरी सीट चालू एअरबॅगसमोर तर कधीच नको. भारत एनकॅप मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे तारे देतं. घरात लहान मूल असेल तर दुसरा आकडा आधी वाचा.

टायरकडे आपण ते पंक्चर होईपर्यंत बघत नाही. दोन गैरसमज खोल रुजले आहेत. उन्हाळ्यात हवा गरम होऊन फुगते म्हणून कमी भरावी, हा पहिला. खरं उलट आहे. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात, वाकतात आणि त्यानेच टायर तापतो. वैशाखात, भरलेल्या गाडीने, काँक्रीटच्या महामार्गावर तासनतास शंभराच्या पुढे चालवलं की असा टायर फुटतो. किती हवा भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. गाडी भरलेली असताना किती, हेही तिथेच असतं. निघण्यापूर्वी, टायर गार असताना हवा तपासा. दुसरा गैरसमज असा, की नक्षी दिसते आहे तोवर टायर चालतो. नक्षीच्या खाचेत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली आणि मोटारीचा टायर संपला. पावसाळ्यापूर्वी त्याच्याही आधी बदललेला बरा, कारण रस्त्यावरचं पाणी बाजूला फेकायचं काम ती खाचच करते. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे सापडतील: ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. फार न चाललेली पण जुनी गाडी वापरत असाल तर हे जरूर बघा. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.

एबीएस असलेल्या गाडीत संकटाच्या क्षणी ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबूनच धरा. पायाखाली पेडल थरथरेल, खरखर आवाज येईल. ते बिघडलेलं नाही, काम करतं आहे. जुन्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलेलं सोडून-सोडून दाबणं इथे उपयोगाचं नाही. चाकं जाम होत नाहीत म्हणून दाबलेल्या ब्रेकसह स्टिअरिंग वळवताही येतं. हे अनुभवल्याशिवाय पटत नाही. पावसाळ्यात एखाद्या मोकळ्या मैदानात, तीस-चाळीसच्या वेगात, आजूबाजूला कुणी नसताना करून बघा.

आता महागड्या गाड्यांतलं ‘अॅडास’: आपोआप लागणारा ब्रेक, पट्टी ओलांडली की इशारा, पुढच्या गाडीशी अंतर राखणं. ही मदत खरी आहे, विशेषतः आपोआप लागणारा ब्रेक. पण पट्टी ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला पट्टी रंगवलेली लागते, आणि आपल्याकडे डांबर नवं होतं तेव्हा पट्ट्या कुठे असतात? काचेवर चिखल उडाला की कॅमेरा आंधळा. विरुद्ध दिशेने येणारी दुचाकी, रस्त्यात बसलेली गाय, ऊस भरलेली ट्रॉली हे सगळं तो दर वेळी ओळखेलच असं नाही. शोरूमवाला दहा मिनिटांत समजावतो, ते पुरेसं नाही. गाडीची पुस्तिका उघडून ही यंत्रणा कधी काम करत नाही, ते प्रकरण वाचा.

दुचाकी

देशातल्या रस्त्यांवर जाणाऱ्या दर शंभर जिवांत चव्वेचाळीस दुचाकीवरचे असतात. २०२२ मध्ये गेलेल्यांपैकी ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले होते. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा काढणारं शहर महाराष्ट्रातच आहे, नाव सांगायला नको. मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात ही कारणं मी ऐकली आहेत. ती देणाऱ्यांच्या डोक्यावर सहसा चुकीच्या मापाचं हेल्मेट असतं. आयएसआय खूण, ‘आयएस ४१५१’ हा क्रमांक आणि माप या तीन गोष्टी बघा. हेल्मेट घातल्यावर डोकं हलवलं तर ते डोक्याबरोबर हललं पाहिजे. पट्टा हनुवटीखाली बसला पाहिजे, मध्ये दोन बोटं जातील इतकाच सैल. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो. मागे बसलेल्या बायकोला, आईला, मुलाला वेगळा नियम नाही. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० च्या आत हवा, असं २०२२ चा नियम सांगतो.

पुढच्या ब्रेकला आपण उगाच घाबरतो. ‘पुढचा दाबलास तर उलटशील’ हे घरोघरी शिकवलं जातं आणि मग पोरं आयुष्यभर मागच्या ब्रेकवर गाडी घसरवत थांबवतात. ब्रेक लागताच सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवायची खरी ताकद तिथेच असते. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू जोर वाढवत दाबायचा. वळणावर, वाळूवर, ओल्या शेणावर किंवा सांडलेल्या डिझेलवर मात्र पुढचा ब्रेक झटक्याने दाबू नका. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्याखालच्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडणारी सोय असते. नवी घेताना दोन-चार हजार जास्त पडले तरी एबीएसचं मॉडेल घ्या. अॅलॉय व्हीलवर नंतर तेवढेच पैसे उडतात.

आणि साडी गार्ड. मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारी जाळी नियमाने लागते, पण पोरगा ती दिसायला वाईट म्हणून काढून टाकतो आणि त्याच गाडीवर आई पदर सावरत बसते. जाळी परत लावून घ्या.

उतार आणि न्यूट्रल

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा बाह्यवळणाचा लांब उतार सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्या ठोकल्या. अशा उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची सवय फक्त ट्रकवाल्यांची नाही, मोटारवाल्यांचीही आहे. गिअर काढला की इंजिनाचा धरून ठेवणारा जोर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत घासत राहिला की तापतो, तापला की पकड सोडतो. एअर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबले की टाकीतली हवा संपत जाते. गंमत म्हणजे यात डिझेलही वाचत नाही. आजच्या इंजिनात गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा तात्पुरता बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअलचा पर्याय याचसाठी दिलेला असतो. ब्रेक सतत टेकवून ठेवू नका. थोडा दाबा, वेग उतरवा, सोडा.

साखर हंगामातली रात्र

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने रात्रीचा रस्ता वेगळाच असतो. ऊस ट्रॉलीच्या मागच्या बाजूला इतका बाहेर आलेला असतो की लाल दिवा असला तरी दिसत नाही, आणि बहुधा नसतोच. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वेग पंधरा-वीस, ट्रॅक्टरवर गाणी. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यांवर पडला की दोन सेकंद पुढचं काही दिसत नाही आणि नेमकी तिथेच ट्रॉली असते. म्हणून या दिवसांत डिपरवर ताशी ६० च्या पुढे जाऊ नका. साध्या हेडलाइटचा उजेड जिथवर पोहोचतो तेवढ्यातच थांबता येईल असा वेग हाच. समोरचा डिपर देत नसेल तर आपणही अप्पर मारून सूड उगवू नका. दोन आंधळ्यांपेक्षा एक बरा. नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग कमी करा.

ज्यांचा ऊस जातो आणि ज्यांचे ट्रॅक्टर आहेत त्यांच्याशीही बोलायला हवं. चमकणारी लाल टेप ट्रॉलीच्या लोखंडाला लावून भागत नाही, ऊस तिला झाकतो. लाल रिफ्लेक्टरची पाटी किंवा चमकणारं कापड उसाच्या मोळ्यांच्या बाहेर, शेवटच्या टोकाला टांगा. टायर बसला म्हणून ट्रॉली उभी करावी लागली तर मागे पन्नास-शंभर पावलांवर खूण ठेवा आणि निघताना रस्त्यावरचे दगड उचला. ट्रॉली गेल्यावर अंधारात राहिलेले ते दगड पुढच्या दुचाकीस्वाराला मारतात. मोटार बंद पडली तरी नियम हाच: त्रिकोण बराच मागे, आणि माणसं गाडीच्या मागे नव्हे तर कठड्याच्या पलीकडे.

रस्ता कुणाकडे मागायचा

रस्त्याची तक्रार करायची म्हटलं की आपण खड्ड्यांवर थांबतो. खड्डा हाडं मोडतो. जीव घेणाऱ्या गोष्टी पुष्कळदा गुळगुळीत रस्त्यावरच असतात. क्रॅश बॅरिअरचं उघडं टोक पात्यासारखं गाडीत शिरतं. ते जमिनीकडे किंवा बाहेरच्या बाजूला वळवून घेतलेलं असलं पाहिजे. ढाब्यासाठी किंवा पंपासाठी फोडलेला दुभाजक. डांबर आणि साइडपट्टी यांत पडलेली पायरी, जिच्यावरून दुचाकीचं चाक घसरतं. अचानक अरुंद होणारा पूल, त्याच्या अलीकडे ना पाटी ना चमकणारा खुंटा. गावकऱ्यांनी रातोरात घातलेला, रंग नसलेला, सुळक्यासारखा गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असते. आपल्या गल्लीतला एकदा टेप लावून मोजा.

अशा दुरुस्त्यांनी फरक पडतो का? पडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले. त्या वर्षापासून ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ने रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांसोबत एकेका किलोमीटरची पाहणी केली. कठड्यांची उघडी टोकं झाकली, दुभाजकातली भगदाडं बुजवली, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर कारवाई झाली, जखमींना लवकर उपचार मिळण्याची सोय केली. २०२३ पर्यंत मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्यानंतरच्या वर्षात ते पुन्हा वाढले, यावरून हे काम एकदा करून विसरायचं नाही, हेही कळतं.

तक्रार कुठे करायची ते किलोमीटरचा दगड सांगतो. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग, केशरी असेल तर ग्रामसडक योजना. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो. अर्जात ‘आमच्या गावाजवळचं वळण’ असं लिहू नका. दगडावरचा किलोमीटर, दिशा, दिवसाचा एक आणि रात्रीचा एक फोटो, आणि मागच्या तीन वर्षांतले अपघात लिहा. साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात झाले असतील, किंवा दहा जीव गेले असतील, तर सरकारी व्याख्येनुसार तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. पोलीस ठाण्यातल्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात. अर्जाची एक प्रत कार्यकारी अभियंत्याला आणि एक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू झाला तर ठेकेदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करणारं कलम १९८-अ मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. रक्कम हास्यास्पद आहे, तरी अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा.

अपघात झाल्यावर

सगळं करूनही अपघात होतील. तेव्हा १०८ किंवा ११२ लावा आणि ठिकाण सांगताना पुन्हा तोच किलोमीटरचा दगड वाचा. आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर मान आणि पाठ वाकवून जखमीला ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पाणी पाजू नका. जखमीवर ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत विनामूल्य उपचार करायची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. पैसे कोण भरणार या विचाराने रुग्णालयाच्या दारात अडखळू नका, योजनेचं नाव घेऊन विचारा.

मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्या पडतात, ही भीती जुन्या काळातली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि नंतर कायद्यातल्या कलम १३४-अ ने मदतनिसाला संरक्षण दिलं आहे. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही आणि त्याला साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर व्हिडिओ काढणाऱ्यांच्या गर्दीत उभे राहू नका. गाडी सुरक्षित जागी लावा आणि मदतीला जा.